पुन्हा न उघडायची पेटी

अमेरिकेत रक्षापेटी करायला घेतलेला सुतार लाकूड निवडण्याआधी घरच्यांना एक अवघड प्रश्न विचारतो: गेलेल्या माणसाचं वजन किती होतं? तिथल्या अंत्यविधीच्या व्यवसायात एक ढोबळ हिशेब रूढ आहे, दर पौंडाला एक घन इंच जागा. १८० पौंडांच्या माणसाला १८० घन इंच, म्हणजे तीन लिटरला थोडं कमी. ज्याला हा प्रश्न विचारायला जड जातं तो सरळ २०० घन इंचांची पेटी करतो. बाजारातल्या तयार पेट्याही बहुधा त्याच मापाच्या असतात. आतून वीस सेंटिमीटर लांब, चौदा रुंद आणि बारा उंच अशी पेटी केली, की सव्वातीन लिटर मावतात आणि वर थोडी जागाही उरते.

एवढ्या जागेत नेमकं काय ठेवतात, हे आधी सांगायला हवं, कारण आपला अनुभव वेगळा आहे. आपण स्मशानातून अस्थी वेचून आणतो, मडक्यात किंवा तांब्याच्या कलशात ठेवतो आणि बहुधा दहाव्याच्या आत नाशिकच्या रामकुंडात, नाहीतर जवळच्या नदीत सोडतो. भांडं तेवढ्या दिवसांपुरतंच असतं. तिकडच्या दहनगृहात भट्टीचं तापमान साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असतं. दोनेक तासांनी उरतात ती हाडं. थंड झाल्यावर ती यंत्रात दळतात आणि भरड वाळूसारखी करड्या-पांढऱ्या रंगाची पूड घरच्यांच्या हाती देतात. तिला राख म्हणत असले तरी ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते, आणि प्रौढ माणसाची भरते दोन-तीन किलो. ती कुजत नाही, तिला वास येत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ओळख पटवणाऱ्या धातूच्या क्रमांकित चकतीसह ती मिळते. म्हणून रक्षापेटी हवाबंद असण्याची गरज नसते. पिशवी आत जाईल एवढं तोंड मात्र मोठं हवं. नवखे सुतार आतलं घनफळ चोख काढतात आणि तोंड लहान ठेवतात.

अवशेष पेटीत जपून ठेवण्याची रीत आपल्या मातीतही जुनी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. ज्यांना हजारो वर्षांची खात्री हवी होती त्यांनी दगड आणि धातू निवडले. लाकूड ही दोन-तीन पिढ्यांची गोष्ट. गेलेल्याला ओळखणारी माणसं असेपर्यंत ते टिकतं, आणि माझ्या मते घरात ठेवायच्या पेटीनं त्याहून अधिक मागू नये.

घरात ठेवायची ही सवय पश्चिमेत तशी नवीच. अमेरिकेतलं पहिलं आधुनिक दहनगृह पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावी डॉ. फ्रान्सिस लमॉइन यांनी बांधलं आणि ६ डिसेंबर १८७६ रोजी तिथे बॅरन द पाम या गृहस्थांचं दहन झालं. तो सोहळा जमवून आणणारे कर्नल हेन्री ऑलकॉट हे थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या आठवणींनुसार रक्षा त्यांनी मुद्दाम करवून घेतलेल्या हिंदू धाटणीच्या पात्रात ठेवली आणि भारताकडे निघण्याआधी न्यूयॉर्कच्या खाडीत सोडली. दोनेक महिन्यांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, ते आणि सोसायटीच्या सहसंस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईला उतरले आणि गिरगावात राहिले. म्हणजे तिकडची ही पहिली रक्षासुद्धा पाण्यातच गेली. पुढे शंभरेक वर्षं दहन तिथे तुरळकच राहिलं. १९६० साली शंभरात चार मृतांनाही अग्नी दिला जात नव्हता. २०१६ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं. रक्षा घराघरांत येऊ लागली आणि तिच्यासाठी चांगली पेटी हवी असं लोकांना वाटू लागलं.

ती घरी केली तर चालते का? चालते. १९८४ साली लागू झालेल्या आणि पुढे कडक केलेल्या अमेरिकी नियमानुसार अंत्यविधी करणाऱ्या संस्थेला बाहेरून आणलेलं पात्र नाकारता येत नाही, वर त्यासाठी जादा पैसेही आकारता येत नाहीत. शवपेट्यांवरून तर कोर्टकज्जेही झाले. लुइझियानातल्या सेंट जोसेफ ॲबी या मठातले बेनेडिक्टाइन साधू साध्या लाकडी शवपेट्या करून विकू लागले, तेव्हा राज्याच्या अंत्यविधी-व्यवसाय मंडळानं परवान्याशिवाय विक्री बंद करा असं फर्मावलं. साधू न्यायालयात गेले आणि २०१३ साली फेडरल अपील न्यायालयात जिंकले.

आता लाकडाकडे वळू. अशा पेटीसाठी तिकडचे हौशी सुतार हमखास उष्ण कटिबंधातल्या कठीण लाकडांकडे वळतात: दक्षिण अमेरिकेतलं जांभळं पर्पलहार्ट, पश्चिम-मध्य आफ्रिकेतलं शेंदरी पडौक, जवळजवळ काळं वेंगे, मध्य अमेरिकेतलं तेलकट कोकोबोलो. या यादीत आपला साग आणि शिसवही असतात, कारण मिशिगनच्या सुताराला ते तेवढेच दूरदेशीचे. दुकानात या फळ्यांचा कठीणपणा मोठ्या अभिमानानं सांगतात. तो मोजण्याची रीत गमतीची आहे: ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी निम्मी आत रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. पर्पलहार्टला अडीच हजार पौंडांच्या आसपास लागतात, सागाला हजाराच्या थोडे वर. पण फडताळावर स्थिर बसणाऱ्या पेटीला या आकड्याचा उपयोग काय? उलट कठीण लाकूड करवतीला चटके देतं, पात्याची धार खातं आणि घासताना जीव काढतं. फळी घेताना दोनच प्रश्न विचारावेत: हे लाकूड हवेतल्या ओलाव्यानं किती हलतं, आणि वीस वर्षांनी याचा रंग काय असेल.

पहिला प्रश्न बहुतेक पेट्यांचा काळ ठरतो. झाड पडून कितीही वर्षं झाली तरी लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की ते आकसू लागतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीत पडतो, आणि वार्षिक कड्यांच्या स्पर्शरेषेत तो त्रिज्येच्या दिशेपेक्षा बरेचदा दुप्पट असतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत आफ्रिकन पडौक स्पर्शरेषेत ५.२ टक्के आकसतं, अमेरिकेतलं मॅपल ९.९ टक्के. हे आकडे पुस्तकी वाटतात, म्हणून आपल्याच पेटीवर बसवून पाहू. झाकणाची फळी चौदा सेंटिमीटर रुंद आहे. शिकागोच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या घरात, लाकडातला ओलावा ६ टक्क्यांवर येतो. उन्हाळ्यात तो १२ वर जातो असं धरा. एवढ्या फरकानं पडौकची फळी सुमारे दीड मिलिमीटर रुंदावेल आणि मॅपलची पावणेतीन. हीच पेटी कुणी कोकणातल्या घरी पावसाळ्यात आणली तर ओलावा १५ च्याही पुढे जाईल आणि फळी आणखी फुगेल.

दीड मिलिमीटर म्हणजे फार नाही असं ज्याला वाटतं, तो ती फळी चारी बाजूंनी सरस लावून चौकटीत पक्की करतो. पहिल्याच वर्षी एकतर फळी मधोमध तडकते, नाहीतर ती कोपऱ्याचे सांधे ढकलून उघडते. लाकूड फुगताना लावतं तो जोर कुठल्याही सरसाला पेलत नाही. उपाय जुना आहे आणि आपल्या वाड्यांच्या दिलेदार दारांतही तो दिसतो: चौकटीला आतून खाच पाडायची आणि फळी त्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवायची. खाचेत दोन्ही कडांना मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा ठेवायची. फळीच्या टोकाच्या कडेला, बरोबर मध्यावर सरसाचा एकच ठिपका द्यायचा, म्हणजे ती दोन्हीकडे सारखी हलते. आणखी एक बारकावा अनुभवी माणसंच पाळतात. मोकळी फळी बसवण्याआधीच तिला पॉलिश करायचं, कडांसकट. नंतर केलं, तर पहिल्या कोरड्या हिवाळ्यात फळी आकसते आणि खाचेतून बिनपॉलिशची फिकट रेघ बाहेर डोकावते. पेटी पाहणाऱ्याचं लक्ष मग तिथेच जातं.

चार बाजूंच्या भिंतींना हा त्रास नसतो. चारही फळ्यांचे तंतू आडवे धावतात, त्यामुळे चारही एकाच वेळी उंचीत वाढतात आणि एकाच वेळी कमी होतात. भांडायला कारण उरत नाही.

भिंतींचे कोपरे जोडायला डोव्हटेल सर्वांत मजबूत, आणि दिसायलाही कारागिरीचा. तरी अशा पेटीसाठी मी मायटरच्या, म्हणजे ४५ अंशांत कापलेल्या सांध्याच्या बाजूचा आहे. कारण लाकडाच्या रेषा. अडीच सेंटिमीटर जाडीची एकच फळी जाडीत मधोमध चिरायची आणि पुस्तकासारखी उघडायची. दोन्ही अर्ध्यांमधून एक लांब आणि एक आखूड तुकडा ठरावीक क्रमानं कापायचा, चिरलेली बाजू बाहेर ठेवायची. मग रेषा एका भिंतीवरून कोपरा वळून दुसरीवर, तिथून तिसरीवर, आणि चौथ्या कोपऱ्यावरही न तुटता पहिलीला येऊन मिळतात. एरवी एकच फळी वळवून पेटी केली तर तीन कोपरे जुळतात आणि चौथा फसतो. तो मागे लपवायची पद्धत आहे. जाडीत चिरण्याच्या युक्तीनं पेटीला मागची बाजूच उरत नाही.

मायटरचं दुखणं असं, की दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या तोंडांतून सरस आत शोषला जातो आणि सांधा कमजोर राहतो. म्हणून आधी सरसाचा एक पातळ हात देऊन तो थोडा मुरू द्यायचा, मग दुसरा द्यायचा. चारही तुकडे एका ओळीत उपडे मांडून सांध्यांवर बाहेरून चिकटपट्टी ताणून लावायची, उलटे करून सरस लावायचा आणि सगळं गुंडाळत आणायचं. पट्टीचा ताणच क्लॅम्पचं काम करतो. वाळल्यावर कोपऱ्यांवर करवतीनं आडव्या चिरा पाडून त्यात पातळ चपट्या काड्या सरसानं बसवतात. त्यांचे तंतू सांध्याला आडवे जातात, त्यामुळे सांधा कुलूप लावल्यासारखा धरला जातो. पडौकच्या शेंदरी कोपऱ्यात मॅपलच्या पांढऱ्या काड्या फार देखण्या दिसतात, आणि इथूनच पुढचं एक संकटही सुरू होतं. त्याकडे लवकरच येतो.

सरस कुठला, याची फारशी चिंता नको. पडौकला आपला नेहमीचा पांढरा सरस पुरतो. कोकोबोलोसारखं तेलकट लाकूड मात्र तो धरत नाही. त्याला जोडण्याआधी नुकताच रंधा मारलेला ताजा पृष्ठभाग लागतो, किंवा ॲसिटोनचं फडकं फिरवून वरचं तेल काढावं लागतं; नाहीतर इपॉक्सी वापरावं.

तळ वेगळा. वरचं झाकण कायमचं बसवलेलं असतं आणि पेटी खालून उघडते, चार-सहा स्क्रूंनी. लोक ती सहसा उघडत नाहीत, पण ती उघडता आली पाहिजे. तळाच्या फळीलाही हलायला जागा हवी, म्हणून स्क्रूची भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेनं लांबट करतात. पितळी स्क्रू सुंदर दिसतात आणि कठीण लाकडात फिरवताना पटकन तुटतात, तेही नेमके मान आत गेल्यावर. त्यांच्या जागी आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून काढायचा, म्हणजे आटे पडतात. मग पितळीला मेण लावून हातानं बसवायचा.

हे सगळं करताना जो भुसा उडतो त्याविषयी आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. इंग्लंडमधलं हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होतं. १९६०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की एरवी क्वचित आढळणारा नाकाच्या पोकळीचा कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार दिसतोय. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत लाकडाचा भुसा कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. कोकोबोलोचा भुसा याशिवाय अंगावर पुरळ उठवतो आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा संपर्कानंही त्रास होतो. वेंगेची कुसळ बोटात गेली तर जखम चिघळते. नाकावर रुमाल बांधून भागत नाही; बारीक धूळ अडवणारा मास्कच लागतो.

घासणं हे कंटाळवाणं काम, आणि तयार पेटीचा दर्जा त्याच्यावरच ठरतो. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच लाकडांत तंतू एकमेकांत अडकल्यासारखे वाढतात, एका पट्ट्यात डावीकडे झुकलेले तर शेजारच्यात उजवीकडे. रंधा एका पट्ट्यावर गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्यात कपचे उडवतो. अशा ठिकाणी पोलादाचा धारदार खरवडपत्रा हाती घ्यावा. मग पॉलिशपेपर १२०, १८०, २२० नंबरच्या क्रमानं, तंतूंच्या दिशेनं. मधला नंबर गाळला तर वेळ वाचत नाही: १२०चे ओरखडे २२०नं जात नाहीत, आणि ते पॉलिशचा हात फिरल्यावरच उघडे पडतात. खोलीत अंधार करून बॅटरी लाकडाला समांतर धरली की प्रत्येक ओरखडा आधीच दिसतो. सरसाचे डागही असेच दबा धरून बसतात. सरस मुरलेल्या जागी पॉलिश शिरत नाही आणि फिकट ठिपका राहतो.

आता ते संकट. पडौकचा लाल रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. त्याचा भुसाही इतका रंगीत असतो की घासताना शेजारच्या मॅपलच्या छिद्रांत भरून पांढऱ्या काड्या गुलाबी होतात. भुसा पुसू नये, हवेच्या झोतानं उडवावा. पॉलिशचा पहिला हात फडक्यानं रगडून कधीच देऊ नये. आधी बारीक कुंचल्यानं फक्त मॅपलच्या काड्यांना लाखेचा हात द्यायचा, तो वाळला की पडौकला, हलक्या हातानं. छिद्रं एकदा बंद झाली की पुढे कितीही हात द्या. गंमत म्हणजे पडौकचा जवळचा भाऊ आपल्या जंगलात आहे. आपला बिबळा त्याच प्रजातीतला, टेरोकार्पस. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तपकिरी दिसतं आणि उजेडात धरलं की निळसर चमकतं. मधुमेहावर ते पिणारी माणसं अनेकांनी पाहिली असतील. रंग सोडण्याचा हा स्वभाव घराण्याचाच.

लाख हा शब्द वर आला आहे, तर तिच्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. जगभरचे सुतार ज्याला शेलॅक म्हणतात ती आपली चपडा लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणारा लाखेचा किडा रस पिऊन अंगावर राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून पापुद्रे करतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवतात. भारत हा तिचा मोठा उत्पादक, आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेची संशोधन संस्था सुरू झाली. फडक्यात कापसाचा बोळा बांधून, तेलाचा थेंब लावून, आठ-दहा दिवस एकावर एक शंभर पातळ हात देत फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर आता मुंबईतही शोधावे लागतात. लाखेइतकी खोली दुसऱ्या कुठल्या पॉलिशमध्ये दिसत नाही. पण रक्षापेटीवर फक्त लाख मला पटत नाही. लोक त्या पेटीजवळ फुलदाणी ठेवतात, पणती लावतात. लाखेवर ओल्या भांड्याचं पांढरं कडं उमटतं आणि उष्णतेनं ती मऊ पडते. खाली लाख, वर तेल-व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात, आणि शेवटी मेण, हा क्रम बरा. लाख मात्र मेण काढलेली घ्यावी; नेहमीच्या लाखेत थोडं नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर काही व्हार्निशं धरत नाहीत.

कोकोबोलो आणि शिसवीच्या घराण्यातल्या इतर लाकडांवर लाखेचा हा पहिला थर चुकवताच येत नाही. जवसाचं तेल किंवा व्हार्निश ‘वाळतं’ म्हणजे त्यातली वाफ उडत नसते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. या लाकडांतली नैसर्गिक रसायनं नेमकी तीच क्रिया रोखतात. त्यांच्यावर थेट लावलेलं तेल आठवड्यानंतरही बोटाला चिकटतं, आणि मग माणूस तेलाच्या डब्याला दोष देतो.

याच क्रियेत उष्णताही निघते. पसरलेल्या फडक्यातून ती हवेत जाते. तेलानं भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आतच साठते आणि फडकी आपोआप पेटतात. ही आजीबाईची भीती नव्हे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अशीच जवसतेलाची फडकी पेटली. तिथे लाकडी भिंतींना पॉलिश चाललं होतं. तीन अग्निशामक जवान गेले, आणि आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथे स्प्रिंकलर बसवलेले होते. काम झालं की फडकी एकेक करून बाहेर वाळत घालावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवावीत.

राहिला दुसरा प्रश्न, वीस वर्षांनंतरच्या रंगाचा. पर्पलहार्ट कापताना मळकट तपकिरी असतं. उजेड आणि हवा लागली की काही दिवसांत जांभळं होतं. कुणाला घाई असेल तर भट्टीत हलकं तापवून तो रंग लवकर आणतात. मग वर्षांमागून वर्षं ते पुन्हा तपकिरीकडे परततं. पडौकचा शेंदूर विटून विटकरी आणि पुढे चॉकलेटी होतो. अतिनील किरण अडवणारं व्हार्निश ही चाल मंदावतं, थांबवत नाही. आईला जांभळा रंग आवडायचा म्हणून पर्पलहार्ट निवडणाऱ्याला सुतारानं हे आधीच सांगावं. माझा सल्ला विचाराल तर शेवटी जो रंग उरणार तो ज्याला आवडतो त्यानंच ते लाकूड घ्यावं. शिसव आणि अक्रोड म्हातारपणी जास्त शोभतात. आणि पहिले काही महिने पेटीवर फोटो ठेवू नये. फोटोखालचं लाकूड उजेडाअभावी मागे राहतं, बाकीचं गडद होतं, आणि फोटो हलवला की त्याचा चौकोन पेटीवर उमटलेला दिसतो.

ही लाकडं येतात कुठून, हेही विचारायला हवं. ब्राझीलच्या शिसवीला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारात सर्वांत कडक संरक्षण आहे. २०१७ पासून शिसवीचं अख्खं कुळ, आपल्या शिसवीसकट, करारात आलं, आणि २०२२ च्या पनामातल्या बैठकीत आफ्रिकन पडौकचाही समावेश झाला. घरगुती वापराच्या छोट्या शिसवी वस्तूंना सवलत आहे, फळी विकत घेताना मात्र कागद मागावेत. जुन्या मोडक्या कपाटाच्या फळ्या मिळाल्या तर त्याहून चांगलं: ते लाकूड पन्नास वर्षं हलून स्थिरावलेलं असतं आणि त्याचा रंगही ठरलेला असतो. गेलेल्या माणसाचंच ते कपाट असेल, तर दूरदेशीच्या लाकडाची गरजही राहत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांना या पेटीचा एक व्यावहारिक फायदा आहे. तिकडे वारलेल्या माणसाची रक्षा रामकुंडात किंवा गंगेत सोडायची तर विमानानं आणावी लागते. तिथल्या विमानतळावर रक्षापात्र क्ष-किरण यंत्रातून जातं, आणि आतलं काही दिसलं नाही तर ते विमानात नेऊ देत नाहीत. तपासनीस पात्र उघडूनही पाहत नाहीत, घरच्यांनी विनवलं तरी. जाड धातूचा कलश तिथे अडकू शकतो. लाकडातून किरण आरपार जातात. पेटी हातातल्या सामानात घ्यावी, मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं पत्र सोबत ठेवावं. तळाचे स्क्रू नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरनं फिरतील असेच घ्यावेत. तो मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकावा, किंवा नाशिकला पोचल्यावर मेन रोडवरच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून घ्यावा.